आतड्याची जागा

‘गाठ काढायचीच आहे ना, मग आधी शेक कशाला?’ पोटातल्या सार्कोमाचं निदान झालेल्या घरात हा प्रश्न हटकून येतो आणि तो रास्त आहे. आपण आजवर पाहिलेला क्रम उलटा असतो. स्तनाचा कर्करोग असो की तोंडाचा, आधी ऑपरेशन होतं, टाके सुकतात आणि मग शेक सुरू होतो. इथं मात्र डॉक्टर सांगतात, आधी साडेपाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, मग महिना-दोन महिने थांबायचं आणि मग ऑपरेशन. तेवढ्यात भेटायला आलेलं कुणीतरी सांगून जातं की पोटाला लाइट दिली की आतडी जळतात. त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही.

या प्रश्नाचं उत्तर आतडं पोटात कुठं आहे, एवढ्या एका गोष्टीत सापडतं. आधी शेक का, त्रास कुणाला जास्त, तो कधी सुरू होतो, कधी थांबतो, या सगळ्याचा धागा तिथूनच निघतो.

सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाड, रक्तवाहिनी अशा आधार देणाऱ्या पेशीजालात होणारा कर्करोग. मोठ्या माणसांच्या सगळ्या कर्करोगांत याचा वाटा शंभरात एखादा. त्यातही पोटातला आणखी विरळा. पोटाची पोकळी आतून एका पातळ अस्तरानं मढवलेली असते. त्या अस्तराच्या मागं, पाठीच्या कण्याला लागून, मूत्रपिंडं, स्वादुपिंड, शरीरातली सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी आणि त्यांच्या अवतीभवती भरपूर चरबी असते. या मागच्या जागेला वैद्यकात रेट्रोपेरिटोनियम म्हणतात. इथल्या चरबीतून उगवतो तो लायपोसार्कोमा आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूतून उगवतो तो लायोमायोसार्कोमा. हे दोन प्रकार सर्वांत जास्त आढळतात.

ही जागा ऐसपैस आहे. तिथं गाठ वाढली तरी बराच काळ कशावरच दाब येत नाही. दुखत नाही, रक्त जात नाही, भूकही बरी असते. पँट घट्ट व्हायला लागते, नातेवाईक म्हणतात पोट सुटलंय, आणि माणूस सकाळी फिरायला जायला लागतो. गाठ कळते तेव्हा ती बऱ्याचदा १५ सेंटिमीटरच्या पुढं गेलेली असते. अशा रुग्णाचा सीटी स्कॅन एकदा नीट बघावा. अर्धं पोट एका करड्या गोळ्यानं व्यापलेलं असतं आणि लहान आतड्याची सगळी वेटोळी दुसऱ्या कुशीला, पुढच्या बाजूला, एकमेकांना चिकटून दाटीवाटीनं बसलेली असतात. त्यांना तिकडं ढकललंय त्या गाठीनंच.

आधी शेक देण्याचं मुख्य कारण हेच आहे. गाठ जागेवर आहे तोवर ती आतड्याला किरणांच्या वाटेतून बाजूला सारून धरते. ऑपरेशन करून गाठ काढली की तिथं मोठी पोकळी उरते आणि आतड्याची वेटोळी लगेच त्या खड्ड्यात उतरतात. पुढच्या काही आठवड्यांत जखम भरताना ती तिथं चिकटूनही बसतात. आता शेक द्यायचा म्हटला तर नेमक्या त्याच खड्ड्याला द्यायचा, कारण गाठीच्या पेशी मागं राहिल्या असतील तर तिथंच. म्हणजे आतड्याला सरळ किरणांखाली धरल्यासारखं होतं. शिवाय चिकटलेलं आतडं हलत नाही. रोज तोच भाग, रोज तोच मारा.

अमेरिकेतल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटनं केलेल्या एका छोट्या अभ्यासात हे फार स्पष्ट दिसलं. १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात ३५ रुग्ण होते. एका गटाला ऑपरेशननंतर बाहेरून नेहमीचा पूर्ण डोस दिला. दुसऱ्या गटाला ऑपरेशनच्या टेबलावर, आतडी हातानं बाजूला सारून, गाठीच्या जागेवर एकदाच मोठा डोस दिला आणि नंतर बाहेरून कमी. दुसऱ्या गटात आतड्याचा गंभीर त्रास बराच कमी झाला. मात्र त्या एकाच मोठ्या डोसानं मज्जातंतू दुखावण्याचं प्रमाण वाढलं. आतडं वाटेतून बाजूला केलं की ते वाचतं, हा धडा त्यातून मिळाला. ऑपरेशनआधी शेक देताना ते बाजूला सारण्याचं काम गाठ स्वतःच करते.

अर्थात ती ते पूर्ण करत नाही. गाठीच्या कडेला टेकलेली वेटोळी असतातच. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, ड्युओडेनम, आणि मोठ्या आतड्याचे उजवे-डावे उभे भाग हे मागच्या भिंतीला बांधलेलेच असतात. ते कुणी ढकलले तरी फारसे सरकत नाहीत. म्हणून त्रास होतो. किती होईल ते किती आतडं वाटेत येतं यावर ठरतं, आणि ते आधी मोजता येतं.

मोजणीची सुरुवात होते ती शेकाच्या आधीच्या आठवड्यात. रुग्णाला शेकाच्या वेळी झोपवणार त्याच स्थितीत झोपवून सीटी काढतात, हात डोक्यावर, गुडघ्यांखाली उशी. पोटाच्या कातडीवर शाईचे किंवा सुईनं गोंदलेले तीन बारीक ठिपके करतात, म्हणजे रोज मशिनखाली तेच शरीर त्याच जागी यावं. मग डॉक्टर संगणकावर त्या स्कॅनच्या एकेका कापावर रेषा काढत बसतात. गाठीला एक रंग, मूत्रपिंडाला दुसरा, यकृताला तिसरा, मणक्यातल्या मज्जारज्जूला चौथा. आतड्याची वेटोळी आज आहेत तिथं उद्या नसतील, म्हणून ती जिथं जिथं जाऊ शकतात तो सगळा भाग एका पिशवीसारखा आखतात. हे काम तासन्‌तास चालतं. रुग्णाला ते दिसत नाही. त्याला वाटतं, ठिपके काढून आठवडा झाला आणि अजून शेक सुरू नाही. तो आठवडा आतड्यासाठीच खर्च होत असतो.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी जगभरचे आकडे एकत्र करून अवयवांच्या सहनशक्तीच्या मर्यादा मांडल्या. आतड्याच्या त्या अख्ख्या पिशवीपैकी १९५ घनसेंटिमीटरपेक्षा जास्त भागाला ४५ ग्रेचा डोस मिळू नये, मग तीव्र त्रासाची शक्यता दहा टक्क्यांच्या आत राहते, असं त्यांनी सुचवलं. १९५ घनसेंटिमीटर म्हणजे किती? आपलं घरातलं फुलपात्र काठोकाठ भरलं तर जेवढं, साधारण तेवढं. सहा मीटर लांबीच्या आतड्यातलं फुलपात्रभर आतडं. ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप आहे. एक किलो पेशीजालानं एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. पोटातल्या सार्कोमासाठी सर्वसाधारणपणे ५०.४ ग्रे देतात, रोज १.८ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे २८ वेळा. म्हणजे गाठीला हवा असलेला डोस आणि आतड्याला सोसणारा डोस एकमेकांना अगदी खेटून उभे आहेत. सगळी कसरत त्या चिंचोळ्या फटीतली आहे.

एवढे तुकडे का पाडायचे, याचं उत्तर पॅरिसमध्ये मिळालं. क्लॉड रेगो या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. एका झटक्यात मोठा डोस दिला तर वरची कातडी भाजून निघे आणि तरी आतल्या वेगानं वाढणाऱ्या पेशी पूर्ण मरत नसत. तोच डोस दिवसांवर विभागून दिला तर कातडी तगली आणि आतल्या पेशी मेल्या. निरोगी पेशी दोन माऱ्यांच्या मधल्या वेळात आपली मोडतोड दुरुस्त करून घेतात. गाठीच्या पेशींना ते तेवढं जमत नाही. आज रुग्ण २८ फेऱ्या मारतो त्या या निरीक्षणावर.

आता आतड्याच्या आत जाऊ. लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य बारीक अंकुर असतात, उंचीला जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. याच अंकुरांमुळं आतड्याचा पृष्ठभाग पसरून जवळजवळ ३० चौरस मीटर होतो, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या जमिनीएवढा. जेवणातलं सत्त्व, पाणी, क्षार इथंच शोषले जातात. दोन अंकुरांच्या मध्ये खोल खळगे असतात. योहान लिबरक्यून यानं १७४५ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून ते त्याच्या नावानं ओळखले जातात. या खळग्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्या अखंड विभागत राहतात. नव्या पेशी खळग्यातून वर सरकतात, अंकुराच्या अंगानं चढत टोकाला पोहोचतात आणि तिथून गळून पडतात. हा सगळा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. म्हणजे आपल्या आतड्याचं अस्तर आठवड्याच्या आत नवं होतं. शरीरात इतक्या झपाट्यानं नव्या होणाऱ्या जागा फार थोड्या.

किरणं विभागणाऱ्या पेशीला सर्वांत जास्त मारतात. कर्करोगाची पेशी विभागते म्हणून तिच्यावर शेक चालतो; खळग्यातली पेशीही विभागते म्हणून तीही सापडते. पण अंकुरावर आधीच चढलेल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या आपलं काम करत टोकापर्यंत जातात आणि गळतात. त्यांच्या जागी यायला खालून पुरेशा नव्या पेशी येत नाहीत. अंकुर बुटके होत जातात, काही ठिकाणी उघडे पडतात. म्हणूनच पहिल्या आठवड्यात रुग्ण म्हणतो, मला तर काहीच झालं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडायला लागतं. हा उशीर समजून घेतला तर घाबरगुंडी उडत नाही. ‘आधी बरा होता, आता अचानक बिघडला, गाठ वाढली की काय’ अशी शंका घरोघरी येते. ती शंका डॉक्टरांना जरूर विचारावी, पण बहुतेक वेळा तो खळग्यांचा हिशेब असतो.

याला अपवाद मळमळ. पोटाच्या वरच्या भागाला शेक असेल तर पहिल्या काही दिवसांतच, शेकानंतर तासा-दोन तासांत मळमळू शकतं. ते अस्तर गळल्यामुळं होत नाही. आतड्यातून बाहेर पडणारी रसायनं मेंदूला उलटीचा इशारा देतात. शेकाच्या आधी तासभर ऑनडॅनसेट्रॉनसारखी गोळी घेतली की ती बरीच आटोक्यात राहते. या गोळीनं मात्र काहींना बद्धकोष्ठ होतो, आणि दुखण्यासाठी मॉर्फिनच्या जातीचं औषध चालू असेल तर नक्कीच होतो. म्हणजे पोटाचा शेक म्हटला की जुलाबच होणार असंही नाही.

जुलाबाची कारणं एकाहून अधिक आहेत आणि ती वेगवेगळी ओळखावी लागतात, कारण उपाय वेगवेगळे. अंकुर बुटके झाले की पाणी शोषलं जात नाही, हे एक. दुधातली साखर पचवणारं विकर याच अंकुरांच्या टोकावर असतं. टोकं झडली की दूध पचेनासं होतं. ज्याला जन्मभर रात्री पेलाभर दूध घ्यायची सवय आहे त्याचं पोट त्या दुधानंच गुडगुडायला लागतं, आणि घरचे ताकद यावी म्हणून दूध आणखी वाढवतात. तिसरं कारण पित्ताचं. पचनासाठी यकृतानं सोडलेलं पित्त लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात परत शोषलं जातं आणि पुन्हा वापरलं जातं. तो शेवटचा भाग शेकात आला, तर पित्त तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि त्याला चिडवतं. मग पाण्यासारखे, पिवळसर, जळजळणारे जुलाब होतात, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर. यावर कोलेस्टिरामीन नावाची पूड आहे. ती पित्ताला बांधून ठेवते. साध्या जुलाबाच्या गोळीनं न थांबलेलं पोट तिनं थांबतं.

आता मनापासून सांगायची गोष्ट अशी की हे सगळं डॉक्टरला कळण्याचा मार्ग एकच, रुग्णानं सांगणं. आणि आपल्याकडे नेमकं तेच अडतं. ओपीडीत सून सोबत असते, मुलगी असते, मागं रांग असते. ‘पोट कसं आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर येतं. परसाकडे किती वेळा गेलो, घाई होते का, कपड्याला लागलं का, शेम पडते का, हे बोलायला जीभ रेटत नाही. डॉक्टरांची प्रतवारी मात्र आकड्यावर चालते. नेहमीपेक्षा दिवसाला चारपेक्षा कमी वेळा जास्त जावं लागलं तर पहिली पायरी, चार ते सहा वेळा जास्त म्हणजे दुसरी, सात किंवा त्याहून जास्त म्हणजे तिसरी, आणि तिथं बहुधा दाखल करावं लागतं. यातला ‘नेहमीपेक्षा’ हा शब्द महत्त्वाचा. ज्याला आधीपासून दिवसातून तीनदा जायची सवय आहे त्याचं पाच वेळा जाणं आणि ज्याला एकदाच जायची सवय आहे त्याचं पाच वेळा जाणं एक नाही. म्हणून शेक सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यातलं आपलं नेहमीचं मान टिपून ठेवावं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज रेघा मारल्या तरी पुरे. ते पान फाडून ओपीडीत नेलं की तोंडानं काही बोलावंही लागत नाही.

जुलाबासाठी पहिलं औषध लोपेरामाइड. ते आतड्याची चाल मंदावतं, म्हणजे पाणी शोषायला वेळ मिळतो. सुरुवातीला दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ परसाकडेनंतर एक, आणि दिवसभरात १६ मिलिग्रॅमच्या वर नाही, अशी पद्धत आहे. पण ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ते आपल्या मनानं घ्यायचं नाही, कारण तेव्हा जंतुसंसर्ग आत कोंडला जाऊ शकतो. ताप, रक्त, पोट फुगून उलट्या होणं आणि वारा सरकणं बंद होणं, उभं राहिल्यावर चक्कर येणं, लघवी कमी होणं: यातलं काहीही झालं तर पुढच्या ओपीडीची वाट बघू नये, रात्री असेल तर रात्री जावं.

लघवीचा उल्लेख सहज केलेला नाही. पोटातल्या सार्कोमाच्या ऑपरेशनमध्ये गाठीला चिकटलेले अवयव गाठीसकट काढतात, आणि एक मूत्रपिंड त्यात बऱ्याचदा जातं. म्हणजे पुढं रुग्णाला एकाच मूत्रपिंडावर राहायचं आहे. शेक आखतानाही दुसऱ्या बाजूच्या मूत्रपिंडाला जिवापाड जपलेलं असतं. जुलाबानं शरीर कोरडं पडलं की सर्वांत आधी फटका बसतो तो त्याच मूत्रपिंडाला. त्यावर कुणी घरातली अंगदुखीची गोळी दिली तर दुहेरी मार. त्यामुळं जुलाबात ओआरएसचं पाकीट हे इथं नेहमीपेक्षा जास्त मोलाचं औषध आहे. एक पाकीट एक लिटर पाण्यात, दिवसभर घोट घोट. नुसतं साखर घातलेलं सरबत किंवा बाटलीतला फळांचा रस त्याची जागा घेत नाही. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढते.

आता स्वयंपाकघर. शेक सुरू झाला की सल्ल्यांचा पूर येतो. गव्हांकुराचा रस, बीट, डाळिंब, पपईच्या पानांचा काढा, सकाळी अनशापोटी लसूण. पोट बिघडलेलं असताना कच्चे रस टाळावेत हे मी ठामपणे म्हणेन. आपल्या आज्यांना आजारी पोटाचं जेवण ठाऊक होतं: मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, मेतकूट, पेज, उकडलेला बटाटा, पिकलं केळं, ताजं ताक. ताकात दुधापेक्षा साखर कमी असते, त्यामुळं दूध सोसत नाही त्यालाही ते बहुधा सोसतं. पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर मात्र ताकाबद्दल आणि जिवंत जंतूंच्या कॅप्सूलबद्दल आधी विचारावं. फक्त एका बाबतीत जुना पथ्याचा विचार अपुरा पडतो. नुसती पेज आणि साबुदाण्याची खीर यांवर दीड महिना काढला तर प्रथिनं कमी पडतात, आणि पुढं मोठं ऑपरेशन उभं आहे. अंडं, मऊ शिजवलेला मासा, पनीर, घोटलेली डाळ हे थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा द्यावं. वजन दोन-तीन किलोंनी उतरलं तर पोटाचा आकार बदलतो आणि ठिपक्यांवर बेतलेली सगळी आखणी सैल होते. कधी ती नव्यानं करावी लागते.

चोथ्याचंही असंच. भाजी, कोंडा, सालं बंद, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयानं ओटीपोटाचा शेक घेणाऱ्या १६६ रुग्णांवर हे तपासलं आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. जास्त चोथा खाणाऱ्यांना नेहमीइतकाच चोथा खाणाऱ्यांपेक्षा पोटाचा त्रास कमी झाला. तो अभ्यास ओटीपोटाचा होता, वरच्या पोटातल्या सार्कोमाचा नव्हता, आणि ऐन जुलाबात भाकरी-मेथी खा असं त्यातून निघत नाही. पण सरसकट सगळ्या भाज्या बंद करण्याला आधार नाही, एवढं नक्की निघतं. दुधी, लाल भोपळा, सोललेलं सफरचंद शिजवून, थोडं इसबगोल, हे चालवून बघायला हरकत नसते.

एक अडचण मात्र कुठल्याही पथ्यानं सुटत नाही. रोजच्या येण्याजाण्याची. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो. तिसऱ्या आठवड्यात कल्याणहून किंवा विरारहून निघालेल्या माणसाला मधल्या स्टेशनांवरची स्वच्छतागृहं पाठ करावी लागतात. काही जण भीतीनं सकाळपासून पाणीही पीत नाहीत, आणि ते तर मूत्रपिंडासाठी सगळ्यांत वाईट. विदर्भ-मराठवाड्यातून आलेले रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात, तिथून रुग्णालय निदान जवळ असतं. शक्य असेल तर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापुरतं तरी रुग्णालयाच्या जवळ राहायला मिळावं यासाठी नातेवाइकांनी जिवाचं रान करावं. शेकाची वेळ सकाळी मिळेल की दुपारी, हेही मागून पाहावं. पोट कोणत्या वेळी शांत असतं ते रुग्णालाच माहीत असतं.

चांगल्या आखणीनं किती फरक पडतो याचा भक्कम पुरावा आपल्या टाटा मेमोरियलनं जगाला दिला आहे. तोही सार्कोमाचा नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या ३०० बायकांचा आहे. निम्म्यांना जुन्या सरळ पद्धतीनं शेक दिला, निम्म्यांना आयएमआरटी या आधुनिक पद्धतीनं, म्हणजे किरणांची तीव्रता कोनाकोनांतून बदलत आणि रोज चित्र घेऊन जागा तपासत. तीन वर्षांनी आतड्याचा मागाहून होणारा लक्षणीय त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के आणि नव्या पद्धतीत २१.१ टक्के होता. आजार बदलला तरी आतडं तेच आहे. म्हणून पोटातल्या सार्कोमाचा शेक ठरला की ‘आयएमआरटीनं देणार ना?’ हे विचारण्यात काही गैर नाही.

आणि आणखी एक प्रश्न विचारायला हवा, सुरुवातीचाच. शेक आधी द्यायचा की नंतर, याचं उत्तर मिळालं. पण द्यायचाच का? युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ३१ रुग्णालयांनी मिळून स्ट्रास नावाची चाचणी केली, २०१२ ते २०१७ या काळात रुग्ण घेतले आणि २०२० मध्ये निकाल छापला. तिचं नेतृत्व सिल्वी बोनव्हालो या शल्यविशारद करत होत्या, पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या. हे तेच घराणं, ज्याची पायाभरणी मेरी क्युरींसोबत रेगोनं केली होती. २६६ रुग्णांपैकी निम्म्यांना आधी ५०.४ ग्रे आणि मग ऑपरेशन, निम्म्यांना थेट ऑपरेशन. तीन वर्षांनी पोटात आजार न उलटता राहिलेले शेकाच्या गटात ६०.४ टक्के, थेट ऑपरेशनच्या गटात ५८.७ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र २४ टक्के विरुद्ध १० टक्के. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरणारे शेकाच्या गटात १२ टक्के होते, दुसऱ्या गटात ४.

या निकालानंतर शेक सरसकट सगळ्यांना देणं मागं पडलं आणि ते योग्यच झालं. पण तो निरुपयोगी ठरला असंही नाही. कमी आक्रमक लायपोसार्कोमामध्ये, जिथं धोका दूर पसरण्यापेक्षा तिथंच पुन्हा उगवण्याचा असतो, तिथं फायदा होत असावा अशी चिन्हं त्याच आकड्यांतून दिसली. लायोमायोसार्कोमात ती दिसली नाहीत. म्हणून बायॉप्सीच्या कागदावर गाठीचा नेमका प्रकार काय लिहिलाय हे रुग्णाच्या घरातल्या एकाला तरी ठाऊक असावं, आणि शेकाचा निर्णय शल्यविशारद, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून घेतलेला असावा.

शेक संपला की दुसऱ्या दिवशी पोट थांबत नाही. शेवटच्या आठवड्यातला मारा अजून अंकुरांपर्यंत पोहोचायचा असतो, त्यामुळं आणखी आठ-दहा दिवस त्रास राहतो, कधी वाढतोही. मग खळगे भरून निघतात. दोन ते सहा आठवड्यांत बहुतेकांचं पोट मूळपदावर येतं. ऑपरेशन चार ते आठ आठवडे पुढं ठेवतात ते यासाठीही. त्या काळात जे वजन परत येतं, जे अल्ब्युमिन वर चढतं, ते टाके जोडून धरणार असतं. ऑपरेशनमध्ये आतड्याचा तुकडा काढावा लागला तर शल्यविशारद जोड घालायला शक्यतो शेक न लागलेलं टोक निवडतात. गाठीला टेकलेलं, सर्वांत जास्त डोस घेतलेलं मोठं आतडं पुष्कळदा गाठीबरोबरच बाहेर जातं. ऑपरेशनआधीच्या शेकाचा हाही एक फायदा.

काही थोड्यांना मात्र महिन्यांनी, वर्षांनी त्रास उमटतो. तो वेगळ्या जातीचा. इथं खळगे नव्हे, आतड्याच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात, भिंत कडक होते, एखादी जागा आवळली जाते. आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असणं, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि धूम्रपान यांनी ही शक्यता वाढते. जेवणानंतर कळ येऊन पोट फुगणं, अधूनमधून उलटी, न थांबणारे जुलाब, अशक्तपणा अशी लक्षणं असतात. ‘शेक घेतलाय, आता पोट असंच राहायचं’ असं म्हणून लोक वर्षानुवर्षं सोसतात. मार्सडेनमध्येच जर्व्हॉइस अँड्रेयेव्ह यांच्या गटानं २१८ रुग्णांवर दाखवलं की लक्षणांची एकेक करून पद्धतशीर तपासणी केली तर बरंच काही बरं करता येतं. पित्त न शोषलं जाणं, आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ, जीवनसत्त्व बी १२ ची कमतरता, दूध न सोसणं: यातल्या प्रत्येकाला उपाय आहे. आणि ते काम प्रशिक्षित नर्सनंही पोटाच्या तज्ज्ञाइतकंच नीट केलं. हा २०१३ चा अभ्यास आपल्याकडच्या प्रत्येक कर्करोग रुग्णालयानं भिंतीवर लावावा असा आहे.

शेक संपतो त्या दिवशी रुग्णालयातून एक कागद मिळतो. त्यावर एकूण किती ग्रे, किती फेऱ्या, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि पोटाच्या कुठल्या भागाला, एवढंच असतं. बिलांच्या गठ्ठ्यात तो हमखास हरवतो. त्याच्या तीन प्रती काढाव्यात आणि एक मोबाइलमध्ये ठेवावी. आठ-दहा वर्षांनी लातूरला किंवा चिपळूणला, मध्यरात्री, आतड्याला पीळ बसून हाच माणूस टेबलावर आला, तर पोट उघडायच्या आधी तिथल्या सर्जनला तो कागद हवा असतो. कुठलं आतडं शेकात होतं आणि कुठलं नव्हतं, हे त्याला दुसरं कुणी सांगू शकत नाही.